‘डिमेन्शिया १३’ : कानांनी बघायचा भयपट

रात्रीची वेळ, तळ्याच्या मधोमध लहानशी होडी, होडीत नवरा-बायको आणि चालू ट्रान्झिस्टर. त्यावर उडत्या चालीचं रॉक अँड रोल लागलंय. नवरा तावातावानं वल्ही मारतोय आणि बायको इस्टेटीचा विषय काही सोडत नाहीये. नवऱ्याला हृदयविकार आहे. तो तिला सुनावतो की, मी मेलो तर माझ्या आईच्या मालमत्तेतली दमडीही तुझ्या हाती लागणार नाही. पुढच्या काही क्षणांत तो खरोखरच मरतो. बायको थोडा विचार करते आणि प्रेत पाण्यात ढकलून देते. त्याच्याबरोबर ट्रान्झिस्टरही जातो. प्रेत खाली खाली जात राहतं आणि गाणं मात्र थांबत नाही. ते पाण्यातून घुसमटत, गुडगुडत, चाल मोडत ऐकू येत राहतं.

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या ‘डिमेन्शिया १३’ची ही सुरुवात. साल १९६३. ‘गॉडफादर’ यायला अजून नऊ वर्षं होती.

मी पुण्यात प्रायोगिक नाटकांची ध्वनियोजना करते. नवीन मुलं शिकायला आली की त्यांना हा प्रसंग आधी फक्त ऐकवते, लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवून. सगळ्यांना कळतं की काहीतरी बुडालं. पण त्यातली दोघं-तिघं दर वेळी म्हणतात, ‘आपणपण खाली गेलो.’ ते मला हवं असतं. खऱ्या आयुष्यात ट्रान्झिस्टर पाण्यात पडताच बंद पडेल. इथे तो वाजत राहतो, कारण दिग्दर्शकाला आपले कान होडीतून काढून प्रेताशेजारी नेऊन ठेवायचे आहेत. कॅमेऱ्यानं हे करायचं म्हणजे खर्चाचं काम. आवाजानं ते जवळजवळ फुकटात होतं. आणि या चित्रपटाकडे पैसे जवळजवळ नव्हतेच.

हे पैशांचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण चित्रपटाचं रूप त्यातून घडलं आहे. स्वस्तातले चित्रपट झपाट्यानं काढणारे निर्माते-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन त्या वेळी मोटारशर्यतींवरच्या एका चित्रपटाचं चित्रीकरण युरोपभर फिरून करत होते. कोपोला त्या युनिटवर ध्वनिमुद्रणाचं काम करत होते, वय २३. त्या कामातून शिल्लक राहिलेले सुमारे २० हजार डॉलर कॉर्मन यांनी या पोराच्या हाती ठेवले. अट अशी की, हिचकॉक यांच्या ‘सायको’नं दोन-तीन वर्षांपूर्वी जी हवा तयार केली होती त्या धाटणीचं, खुनाबिनाचं काहीतरी झटपट करून दे. कोपोला यांनी इंग्लंडमधले हक्क आधीच विकून आणखी जवळपास तेवढीच रक्कम उभी केली. म्हणजे सगळे मिळून ४० हजार डॉलरच्या आसपास. शर्यतीच्या चित्रपटातले नट युरोपात होतेच. त्यातले विल्यम कॅम्पबेल, लुआना अँडर्स आणि पॅट्रिक मॅगी तसेच पुढे आयर्लंडला आले. कॉलेजातले दोस्त अमेरिकेहून आले. डब्लिनच्या दक्षिणेला ब्रे इथला आर्डमोर स्टुडिओ मिळाला, आणि डब्लिनच्या उत्तरेला समुद्रात घुसलेल्या डोंगराळ टोकावर हाउथची गढी मिळाली.

हाउथ मी पाहिलं आहे. भाची डब्लिनला नोकरीला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा लोकल गाडीनं शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो. उतरलं की बंदर, मासळीची दुकानं, समोर ‘आयर्लंड्स आय’ नावाचं उजाड बेट. गढी गावापासून थोडी आत, झाडीत. ती खासगी मालमत्ता, त्यामुळे बाहेरूनच पाहावी लागली. चित्रपटात ती एकाकी, जगापासून तुटलेली वाटते. प्रत्यक्षात शहराची गाडी जिथपर्यंत येते तिथून ती चालत जाण्याजोगी आहे. चौकटीत काय घ्यायचं नाही हे कोपोला आणि त्यांचे छायाचित्रकार चार्ल्स हॅनावॉल्ट यांनी फार विचारानं ठरवलं असणार. बंदर नाही, गाव नाही, रस्ता नाही. फक्त करडा दगड, ओलं गवत आणि झाडांच्या मागे संपून जाणारं आकाश.

सेंट लॉरेन्स घराण्याकडे ही जागा आठ शतकांहून जास्त काळ होती. अलीकडेच, २०१९ च्या सुमारास, ती विकली गेली. जुन्या भागांवर पिढ्यान्‌पिढ्या भर पडत गेली आणि १९१० च्या आसपास एडविन लुटियन्स यांनी तिची मोठी डागडुजी केली. हेच लुटियन्स पुढे दिल्लीला राष्ट्रपती भवन बांधायला आले. गढीची एक दंतकथा आयर्लंडभर सांगितली जाते. सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरची दर्यावर्दी सरदारीण ग्रॅन्युएल, म्हणजे ग्रेस ओमॅली, इथे पाहुणचार मागायला आली. घरची मंडळी जेवायला बसली आहेत म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं गेलं. संतापून तिनं घराण्याच्या वारसाला पळवून नेलं आणि सोडताना वचन घेतलं की, यापुढे इथल्या जेवणाच्या टेबलावर अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी कायम एक पान जास्तीचं मांडलेलं असेल. ती प्रथा घराण्यानं पाळली, असं सांगतात.

या कथेची माहिती कोपोला यांना होती की नव्हती, त्यानं मला फरक पडत नाही. पण त्यांनी जी गोष्ट या भिंतींत आणली ती त्याच जातीची आहे. इथलं घरही समोर नसलेल्या माणसासाठी जागा राखून बसलेलं आहे.

हॅलोरन कुटुंब. विधवा आई लेडी हॅलोरन, तिचे तीन मुलगे आणि लहानपणी तळ्यात बुडून गेलेली मुलगी कॅथलीन. तिला जाऊन सात वर्षं झाली आहेत. दर वर्षी त्या दिवशी सगळ्या मुलांनी गढीवर यायचं, आईनं घालून दिलेला विधी करायचा, कबरीवर फुलं वाहायची, आणि त्या क्षणी आई भोवळ येऊन कोसळायची. दर वर्षी. मुलं रांगेनं उभी आहेत, फूल टाकून झालंय, आणि आता सगळ्यांची नजर आईवर आहे. पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत घाटावर ताटकळलेले नातेवाईक जसे दिसतात, अगदी तसे ते दिसतात: दुःख आहे, पण त्याहून जास्त ‘एकदा हे होऊन जाऊ दे’ आहे. आपल्याकडचं वर्षश्राद्ध गेलेल्याला पुढच्या वाटेला लावण्यासाठी असतं. या बाईचं श्राद्ध मुलीला अडवून धरण्यासाठी आहे. तिनं मुलीची खोली तशीच ठेवली आहे, खेळणी तशीच, नाव तसंच. घरातल्या कोणालाही मोठं व्हायची परवानगी नाही. भयपटांत भूत घराला धरून बसतं, इथे घर भुताला धरून बसलंय. मला या चित्रपटात खरी भीती वाटते ती इथे. आयरिश रंगभूमीवरच्या एथ्ना डन यांनी ही आई रंगवली आहे. त्या आवाज चढवत नाहीत. सगळ्यांनी आपल्याशी हळू बोलावं अशी सवय घराला लागली आहे, हे त्यांच्या बसण्यातून कळतं.

या घरात नवऱ्याचं प्रेत तळ्यात टाकून आलेली सून शिरते. लुईझ. ती अमेरिकन आहे, हुशार आहे आणि तिला वाटा हवा आहे. नवरा मेल्याचं कळलं तर वाटा बुडाला, म्हणून ती त्याच्या नावानं पत्र टाइप करते की, मला कामासाठी तातडीनं न्यूयॉर्कला जावं लागतंय. त्याची बॅग भरून तीही नाहीशी करते. मग सासूच्या दुखऱ्या जागेवर बरोबर बोट ठेवते: कॅथलीन माझ्याशी बोलते. लुआना अँडर्स यांचं काम बघताना मला फार आनंद होतो. लुईझ खलनायिका आहे, पण अँडर्स तिला कामाला लागलेल्या बाईसारखं रंगवतात. सतत डोकं चालू, हात चालू. पत्र, बॅग, खोटं, पुढचं खोटं. अशा बाईला १९६३ च्या स्वस्त भयपटात कॅमेरा इतका वेळ देतो आणि तिचं म्हणणं तिच्या बाजूनं दाखवतो, याचं अप्रूप आजही वाटतं.

आणि मग तळं.

चित्रपटाचा जन्मच या प्रसंगातून झाला आहे. कोपोला यांनी मुलाखतींत सांगितलंय की पटकथा नव्हतीच, त्यांनी कॉर्मन यांना एक प्रसंग ऐकवला: एक माणूस रात्री तळ्याकाठी येतो, कपडे उतरवतो, बाहुल्या एकत्र बांधतो, पाण्यात सूर मारतो आणि तळाशी त्याला काहीतरी दिसतं. कॉर्मन म्हणाले, पुरुषाच्या जागी बाई घे, म्हणजे पिक्चर झालाच. बाई का, हे सांगायला नको. तिनं कपडे उतरवावेत एवढाच हिशेब होता. तो हिशेब मला खटकतो आणि तो खटकावाच. तरीही अँडर्स आणि कोपोला यांनी त्या प्रसंगाचं जे केलं ते हिशेबाच्या खूप पुढचं आहे. लुईझनं कॅथलीनच्या खोलीतून बाहुल्या पळवल्या आहेत. त्या तळाशी सोडून ठेवायच्या, म्हणजे उजेडी सगळ्यांच्या देखत वर तरंगतील आणि सासूला मुलीची खूण पटेल, असा बेत. ती दोरा बांधते, गाठ ओढून बघते, पाण्यात उतरते. चोरट्या मन लावलेल्या कामाचा हा प्रसंग आहे, अंगप्रदर्शनाचा राहतच नाही. खाली संवाद नाहीत. पाणी गढूळ, चौकटीच्या कडा अंधारलेल्या, रोनाल्ड स्टाइन यांचं संगीत. तळाशी तिला काय दिसतं ते मी लिहीत नाही. इतकंच सांगते की पुढच्या मिनिटभरानंतर चित्रपट कोणाचा आहे, याबद्दलची तुमची समजूत बदललेली असेल.

हे तळं पहिल्या प्रसंगातल्या पाण्याशी कानानं जोडलेलं आहे. तिथे गाणं पाण्याखाली गेलं होतं, इथे आपण त्या बाईबरोबर खाली जातो आणि माझे कान आपोआप तो ट्रान्झिस्टर शोधू लागतात. तो ऐकू येत नाही. पहिल्या प्रसंगात दिग्दर्शकानं आपल्याला पाण्याखालचा आवाज शिकवला, आणि तो शिकवलेला असल्यामुळेच इथे त्याची उणीव जाणवते. इतक्या कमी पैशांत, इतक्या घाईत, २३ वर्षांच्या मुलाला हे सुचलं. याच माणसानं पुढे १९७४ मध्ये ‘द कॉन्व्हर्सेशन’ हा दुसऱ्यांची बोलणी चोरून टिपणाऱ्या ध्वनितंत्रज्ञाचा चित्रपट केला. ‘गॉडफादर’वाल्यांना तो अचानक आल्यासारखा वाटतो. ‘डिमेन्शिया १३’ पाहिलेल्याला तसं वाटणार नाही.

आता पॅट्रिक मॅगी. हे कुटुंबाचे डॉक्टर जस्टिन कॅलब. नाटकवाल्यांनी केवळ या माणसासाठी चित्रपट बघावा. मॅगी उत्तर आयर्लंडमधल्या आर्माचे. रेडिओवर त्यांचा आवाज ऐकून नाटककार सॅम्युएल बेकेट यांनी १९५८ मध्ये ‘क्रॅप्स लास्ट टेप’ त्यांच्यासाठी लिहिलं. एक म्हातारा, एक टेपरेकॉर्डर, आणि टेपवरचा स्वतःचाच तरुण आवाज. आमच्या क्षेत्रात ज्यांनी स्पूल टेपवर काम केलंय त्यांना ते नाटक काय आहे हे सांगावं लागत नाही. त्याच मॅगींचा तोच आवाज, वाळू भरल्यासारखा, या स्वस्त भयपटात आहे. डॉक्टर कॅलब घरातल्यांची चौकशी करतात तेव्हा प्रश्न साधे असतात, पण शेवटचा शब्द ते असा खाली सोडतात की समोरच्याला घाम फुटावा. ते तपास करतायत की काही लपवतायत, हे बराच वेळ कळत नाही, आणि ते पटकथेनं साधलेलं नाही. त्या आवाजानं साधलंय. पटकथेत डॉक्टरांची भूमिका म्हणजे निव्वळ उलगडा करणारा माणूस आहे.

ज्या बाजू पडतात त्याही सांगते. विल्यम कॅम्पबेल यांचा थोरला मुलगा रिचर्ड धातूची शिल्पं करतो आणि सदोदित चिडलेला असतो. का चिडलेला, हे आपल्याला सांगितलं जातं, जाणवत नाही. त्याची वाग्दत्त वधू केन (मेरी मिचेल) गोड आहे, पण त्या दोघांचे प्रसंग सुरू झाले की चित्रपटाची नाडी मंदावते. आईच्या शोकानं मुलांचं काय झालं, हा चित्रपटाचा गाभा आहे आणि त्यासाठी थोरल्याचा नीट एक प्रसंग आईबरोबर हवा होता. शेवटची दहा मिनिटं तर धावत उरकली आहेत. खुनी कोण, हे लक्ष देऊन पाहणाऱ्याला अर्ध्या वाटेवर कळतं. मानसशास्त्राच्या नावाखाली जे स्पष्टीकरण येतं ते तकलादू आहे, आणि शीर्षकातला ‘डिमेन्शिया’, म्हणजे स्मृतिभ्रंश, तर वैद्यकीय अर्थानं कुठेच बसत नाही. घरी डिमेन्शियाचा पेशंट सांभाळणाऱ्या कोणी नाव वाचून चित्रपट लावला तर त्यांची घोर निराशा होईल, म्हणून मुद्दाम लिहिते.

कुऱ्हाडीचे प्रसंग आजच्या मानानं सौम्य आहेत. रक्त काळं दिसतं, कारण चित्रपट कृष्णधवल आहे. पण वार कसा ऐकू येतो त्याकडे लक्ष द्या. आजच्या भयपटांत प्रत्येक धक्क्याआधी एक लांब शांतता आणि मग कान फाटेल असा ठोका, ही रीत इतकी ठरून गेली आहे की प्रेक्षक ठोक्याच्या आधीच कानांवर हात ठेवतात. इथे वार येतो तेव्हा आवाजाची तशी कुठलीही आगाऊ सूचना नाही. मला हे आजच्या ध्वनियोजकांनी परत शिकावं असं मनापासून वाटतं.

आता कोणती प्रत बघायची. हा चित्रपट अमेरिकेत कधीचाच सार्वजनिक मालकीचा झाला आहे, त्यामुळे नेटवर त्याच्या ढिगानं फुकट प्रती आहेत. त्यातल्या बहुतेक भयंकर आहेत. तळ्यातल्या प्रसंगात पाणी आणि बाई यांत फरक कळत नाही, काळा रंग राखाडी होतो, आणि आवाजावर सतत एक खरखर असते. सुरुवातीचा ट्रान्झिस्टर त्या खरखरीत इतका मिसळून जातो की पाण्याखालचं गाणं हा मुद्दाम केलेला परिणाम आहे की टेपचा दोष, हेच समजत नाही. मी वर जे लिहिलंय त्यातलं निम्मं या प्रतींत ऐकूच येत नाही. त्यामुळे ज्यांनी फुकट प्रत अर्ध्यावर बंद करून ‘काही विशेष नाही’ म्हटलं त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, एवढंच.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. मूळ प्रदर्शित आवृत्ती पूर्णपणे कोपोला यांची नाहीच. चित्रपट हाती आल्यावर कॉर्मन नाखूश होते. त्यांना गोष्ट कळत नव्हती आणि खून कमी वाटत होते. मग लुईझच्या मनातले विचार निवेदनात सांगायचे ठरलं. जॅक हिल या दिग्दर्शकाकडून अमेरिकेत जादा चित्रीकरण करून घेतलं. त्यात एका चोरट्या शिकाऱ्याचं पात्र आलं, त्याला मारायचं म्हणूनच आलेलं. मॉन्टी हेलमन या दुसऱ्या दिग्दर्शकानं सुरुवातीला जोडायला एक चाचणी चित्रित केली, ज्यात एक डॉक्टर प्रेक्षकांना १३ प्रश्न विचारून त्यांचं मानसिक आरोग्य तपासतो, की हा चित्रपट तुम्हाला झेपेल का. चित्रपटगृहात गर्दी खेचायची ती एक क्लृप्ती होती, तिथे ती खपून गेली असेल. पण होडीच्या प्रसंगाआधी असलं काही लावणं म्हणजे पहिल्या सुराआधी तबल्यावर हातोडी मारणं.

कॉर्मन यांच्यावर मी राग धरत नाही. त्यांनी पैसे दिले नसते तर हा चित्रपट नसता, आणि कोपोलांसारख्या कितीतरी पोरांना त्यांनी पहिला कॅमेरा हाती दिला. रामसे बंधूंनी १९७२ मध्ये युनिट बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं आणि तिथल्या विश्रामगृहात मुक्काम ठोकून आपला पहिला गाजलेला भयपट केला, त्यामागेही हेच अर्थकारण होतं: जागा आयती, माणसं एकत्र राहणारी, दिवस मोजके. अशा कामाला दबाव असतोच. पण शिकाऱ्याचा तो प्रसंग दर वेळी माझ्या कानाला बोचतो. ते जंगल गढीभोवतीचं वाटतच नाही. आयर्लंडच्या प्रसंगांत जी एक दमट शांतता आहे ती तिथे तुटते आणि मग दोन-तीन मिनिटं चित्रपट कुठल्याही गावचा होतो.

म्हणून कोपोला यांनी साठ वर्षांनी स्वतः संकलित करून आणलेली दिग्दर्शकीय आवृत्ती बघा. व्हेस्ट्रॉन या कंपनीनं ती ब्लू-रे डिस्कवर काढली आहे. मूळ आवृत्ती सव्वा तासाची, ही सत्तर मिनिटांच्या आत संपते. कॉर्मन यांच्या आग्रहानं आलेली भर काढून टाकली आहे. बहुतेक दिग्दर्शक म्हातारपणी आपल्या जुन्या चित्रपटात भर घालतात, कोपोलांनी स्वतःच्या इतर चित्रपटांच्या बाबतीत तेही केलंय. इथे त्यांनी नुसतं छाटलं. कृष्णधवल प्रतिमा आता खोल आहे, दगडाचा पोत दिसतो, पाण्याला तळ आहे. आवाज एकाच वाहिनीचा (मोनो) आहे, तसाच ठेवलाय, पण स्वच्छ. स्टाइन यांच्या संगीतातलं हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) आता टोचतं, आधी ते नुसतं किणकिणायचं. आणि ट्रान्झिस्टर! बुडताना गाण्याचा वरचा पट्टा आधी जातो, मग शब्द, मग फक्त ठेका उरतो, तोही विरत जातो. हे मला या आवृत्तीत पहिल्यांदा टप्प्याटप्प्यानं ऐकू आलं.

निवेदन गेल्यामुळे लुईझ बदलते. जुन्या आवृत्तीत ती काय करतेय हे ती आपल्याला सांगत बसते, इथे आपण तिचे हात बघून ओळखतो. नवऱ्याची बॅग भरणं सुरू होतं तेव्हा क्षणभर वाटतं, ही पळून जाणार. मग कळतं. तो एक क्षण परत मिळाला यासाठीच ही आवृत्ती विकत घ्यायला हरकत नाही. काही ठिकाणी सांधे मात्र उघडे पडलेत. मधल्या भागात एक-दोन घटनांचा संदर्भ जरा अधांतरी वाटतो, आणि शेवट आधीच घाईचा, तो आणखी घाईचा झालाय. मला ते चालतं.

डिस्क परदेशातून मागवावी लागते आणि ती अमेरिकेच्या प्रदेशासाठीची आहे. आपल्याकडे खरेदी केलेल्या बहुतेक प्लेअरवर चालेलच असं नाही, आधी प्लेअरच्या मागचं प्रदेशाचं चिन्ह तपासा. डिजिटल भाड्यानं मिळाली तर नावात ‘डायरेक्टर्स कट’ आहे ना ते बघूनच पैसे भरा, कारण जुनी आवृत्तीही त्याच नावानं विकली जाते. मराठी किंवा हिंदी सबटायटल्स नाहीत. मॅगी आणि एथ्ना डन यांचे उच्चार कानाला सरावाचे नसले तर इंग्रजी सबटायटल्स लावा, पण होडीच्या आणि तळ्याच्या प्रसंगांत ती बंद करा. तिथे वाचायला काही नाही.

टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर बघू नका. साधे तारवाले हेडफोन पुरेत, मोठी ध्वनियंत्रणा नको, कारण मूळ आवाज एकाच वाहिनीचा आहे आणि आजूबाजूचे स्पीकर त्यात नसलेली पोकळी तयार करतात. आवाज बोलणी नीट कळतील इतकाच ठेवा.

ज्यांना सतत दचकायचंय त्यांच्यासाठी हा चित्रपट नाही. ज्यांच्या घरात एखाद्या लहान मुलाचं जाणं घडलंय त्यांनी विचार करून बघावा, आईचे प्रसंग जड जातील. नाटक करणाऱ्यांनी, विशेषतः एकांकिका स्पर्धांसाठी तुटपुंज्या पैशांत काहीतरी उभं करू पाहणाऱ्या मुलांनी, जरूर बघावा आणि दुसऱ्या वेळी डिस्कवर चित्रपटासोबत कोपोला स्वतः बोललेत ती ध्वनिपट्टी लावून ऐकावा. हेलमन यांची ती १३ प्रश्नांची चाचणी डिस्कवर वेगळी दिली आहे. ती बघायचीच असेल तर चित्रपट संपल्यावर बघा.